शिमला करार आणि न परतलेली माणसे

युद्ध केव्हा संपते? तोफा थांबल्या म्हणजे, असे आपण उत्तरपत्रिकेत लिहितो. परंतु शत्रूच्या कैदेत सापडलेला शिपाई परत येईपर्यंत त्याच्या घरचे युद्ध चालूच असते. म्हणून कोणत्याही तहाची पारख सरहद्दीच्या कलमांवरून न करता, त्याने माणसे घरी पोहोचवली की नाही यावरून करावी, असे मला वाटते.

१९७१ च्या डिसेंबरात ढाक्याला शरणागती झाली आणि सुमारे ९३,००० पाकिस्तानी सैनिक व नागरिक भारताच्या ताब्यात आले. लढाई थांबताच युद्धकैद्यांना विनाविलंब परत पाठवावे, असे १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचे ११८ वे कलम सांगते. पण २ जुलै १९७२ च्या शिमला कराराने हा प्रश्न पुढच्या बोलण्यांवर सोपवला. शरणागती भारत आणि बांगलादेश यांच्या संयुक्त सेनेपुढे झाली होती. तेव्हा बांगलादेशच्या संमतीवाचून कैदी सोडता येत नाहीत, असे भारताचे म्हणणे. पाकिस्तान तर बांगलादेशाला मान्यताच देईना! अखेर २८ ऑगस्ट १९७३ च्या दिल्ली कराराने मार्ग निघाला आणि एप्रिल १९७४ मध्ये शेवटचे युद्धकैदी वाघा ओलांडून गेले.

हे कैदी म्हणजे हुकमाचे पान होते आणि ते आपण फुकट घालवले, अशी टीका आजही ऐकू येते. मला ती पटत नाही. माणसाला एकदा पत्त्याचे पान मानले, की आपलीही माणसे समोरच्याच्या हातातली पानेच ठरतात. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर हे मराठी वैमानिक रावळपिंडीच्या छावणीत होते. युद्ध थांबून आठ महिने लोटले तरी सुटका होईना, तेव्हा ऑगस्ट १९७२ मध्ये ते दोन सहकाऱ्यांसह भिंत फोडून निसटले आणि अफगाण सरहद्दीजवळ पकडले गेले. त्यांना मायदेशी यायला डिसेंबर उजाडला.

पण ते आले तरी. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे आलेच नाहीत. डिसेंबर १९७१ मध्ये त्यांचे विमान पाकिस्तानात पडले. आपल्या ५४ बेपत्ता सैनिकांत त्यांचे नाव घेतले जाते. असे कैदी आपल्याकडे नाहीत, हेच पाकिस्तानचे उत्तर राहिले. राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या असलेल्या त्यांच्या पत्नी दमयंती तांबे यांनी पुढची कित्येक वर्षे शोध घेण्यात घालवली. १९८३ आणि २००७ साली नातेवाईक पाकिस्तानातील तुरुंग पाहून रिकाम्या हातांनी परतले.

येथेच अशा करारांचे वैगुण्य दिसते. ज्याला कैदी म्हणून कबूल केले, तोच परततो. ज्याचे नाव कुणी कबूलच करीत नाही, त्याच्यासाठी कोणते कलम? ढाक्यातील उर्दूभाषक बिहारींचेही तेच झाले. पाकिस्तानने काहींना नेले; उरलेले कित्येक दशके छावण्यांत राहिले आणि २००८ साली तेथील उच्च न्यायालयाने त्यांचे नागरिकत्व मान्य केले.

हा केवळ जुना इतिहास नाही. पालघर जिल्ह्यातील गरीब आदिवासी गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात आणि समुद्रात न दिसणारी रेषा ओलांडली म्हणून कराचीच्या तुरुंगात पडतात. शिक्षा पुरी होऊन नागरिकत्वाची खात्री पटल्यावर महिन्याभरात सोडावे, असे २००८ चा भारत-पाक करार सांगतो. तरीही शिक्षा भोगून झालेले खलाशी तेथे खितपत पडले आहेत. २०२४ साली डहाणू तालुक्यातील एक खलाशी त्या तुरुंगातच वारला. त्याचा देह घरी यायलाही महिन्याहून अधिक काळ लागला.

आपल्या कामरगावला ना समुद्र, ना सरहद्द. पण सैन्यात आणि बोटीवर जाणारी मुले आपल्यासारख्याच घरांतली असतात. म्हणून मागणी एवढीच, की कैद्यांची सुटका इतर कोणत्याही सौद्याला बांधू नये. आणि दोन्ही देशांच्या तुरुंगांतील नोंदी तपासण्याचा अधिकार एखाद्या तटस्थ संस्थेला असावा. नाव नाकारणे सोपे असते. नोंदवही उघडावी लागली, तर ते तितके सोपे राहणार नाही.