टिका मारण्यापलीकडे



मोठ्या ऑडिट फर्ममधली सीएची आर्टिकलशिप म्हणजे नोंदींपुढे नुसत्या टिका (टिक-मार्क) मारणे, हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा सूर एकांगी वाटला. तिथे काम तुकड्यांत मिळते, हे मान्य. एखाद्याच्या वाट्याला महिनोन्‌महिने फक्त स्थिर मालमत्तेचे रजिस्टर येते. लहान कार्यालयातला मुलगा तेवढ्या काळात जीएसटी, टॅक्स ऑडिट, एप्रिलमधले बँक-शाखांचे ऑडिट असे सगळेच हाताळतो.

पण तुकडा म्हणजे क्षुल्लक काम नव्हे. चाकणच्या एका कारखान्यात ३१ मार्चची विक्रीची बिले गेटवरच्या नोंदवहीशी ताडून पाहिली, तर काही गाड्या २ एप्रिलला बाहेर पडलेल्या. ही विक्री कोणत्या वर्षाची? मालाचा ताबा ग्राहकाकडे कधी गेला, यावर ते ठरते. सीनियरने मूळ करार वाचायला लावला आणि ‘निष्कर्षाला पुरावा कुठे आहे?’ असे विचारत वर्किंग पेपर परत पाठवला. ही शिस्त क्लासच्या नोट्समधून येत नाही.

खरी अडचण वेगळी आहे. १ जुलै २०२३ पासून आर्टिकलशिप तीनऐवजी दोन वर्षांची झाली. म्हणजे हाती जेमतेम दोन ऑडिट-हंगाम. ते एकाच कामात गेले तर नुकसान विद्यार्थ्याचेच. त्यामुळे मोठ्या फर्मना काम आलटून पालटून देणे सीए इन्स्टिट्यूटने बंधनकारक करावे. विद्यार्थ्यांनीही फर्मच्या नावावर न भाळता, कोणते काम मिळणार हे मुलाखतीतच विचारून घ्यावे.

— एक आर्टिकल, पुणे