बोटीवरची इंग्रजी आणि वऱ्हाडातले मास्तर

इंग्रजीत एम.ए., वर बी.एड. आणि सेट झालेला अमरावतीचा तरुण आज काय करतो, याचं उत्तर शहरातल्या कुठल्याही कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मिळतं. तासिका तत्त्वावर शिकवतो. तास झाला तर पैसे, सुट्या लागल्या की आवक बंद. शाळेत जावं म्हटलं, तर शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी २०१७ च्या डिसेंबरात झाली आणि तिच्यानंतरची थेट २०२३ मध्ये. तेवढ्यात कित्येक उमेदवारांची लग्नं होऊन पोरं बालवाडीत गेली. अशा माणसाला कुणी सांगितलं, की क्रूझवर इंग्रजी शिकवायची नोकरी असते, राहणं-खाणं फुकट आणि वर जग फिरायला मिळतं, तर तो कान टवकारणारच. ‘काऊन नाही जायचं मंग?’ असं म्हणणारा एखादा मित्रही शेजारी असतोच.

नोकरी असते, यात खोटं काही नाही. ती कुठे असते आणि कुणाला मिळते, एवढं मात्र आधी पाहून घ्यावं. सुटीसाठी क्रूझवर चढलेला माणूस इंग्रजी शिकायला येत नाही. तो खायला, नाचायला आणि डेकवर लोळायला येतो. प्रवाशांसाठी खरोखर भाषेचे वर्ग चालवणारी बोट म्हणून नाव घ्यावं ते जपानच्या ‘पीस बोट’चं. १९८३ साली जपानी विद्यार्थ्यांनी ही संस्था सुरू केली. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने शेजाऱ्यांवर केलेले अत्याचार शाळेच्या पुस्तकांतून सौम्य करून सांगण्याचा घाट तेव्हा घातला जात होता. मग त्या देशांत स्वतः जाऊनच लोकांना विचारू, असं या पोरांनी ठरवलं. आता तिच्या जगप्रदक्षिणा सुमारे शंभर दिवसांच्या असतात आणि दोन बंदरांमधल्या रिकाम्या दिवसांत प्रवासी इंग्रजी किंवा स्पॅनिश शिकतात. शिकवणारे स्वयंसेवक असतात. प्रवास, खोली आणि जेवण बोटीकडून, पगार नाही. घरी कर्जाचे हप्ते चालू असलेल्याने हे शेवटचे दोन शब्द पुन्हा एकदा वाचावेत.

दुसरी जागा असते ती प्रवाशांना दिसतही नाही. मोठ्या क्रूझवर पन्नास-साठ देशांचे लोक काम करतात. २०२४ च्या जानेवारीत निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर कर्मचारीच २,३५० आहेत. फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि भारत इथली माणसं त्यांत भरपूर. धुलाईघरात, भटारखान्यात, भांडी घासायच्या जागी भाषा फारशी लागत नाही. पण तिथून वर, जेवणाच्या दालनात यायचं तर इंग्रजीवाचून पाऊल पुढे पडत नाही. टिप्स मिळतात त्या दालनातच. म्हणून बऱ्याच कंपन्या बोटीवर प्रशिक्षण अधिकारी ठेवतात आणि तो दुपारचं जेवण उरकल्यावर, रात्रीची धांदल सुरू व्हायच्या आधी, थकल्या-भागल्या मंडळींचा इंग्रजीचा वर्ग घेतो. एका बोटीवर असे शिकवणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. त्यातही इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना किंवा बोटीवरच काम करत वर चढलेल्यांना कंपन्या आधी पसंती देतात. अमरावतीहून ‘इंग्रजी शिक्षक’ म्हणून थेट अर्ज टाकणाऱ्याचा निभाव तिथे लागणं अवघड आहे, हे स्पष्टच सांगितलेलं बरं.

आणि शिक्षक म्हणून घेतलं, तरी तो नुसता शिक्षक राहत नाही. बोटीवर प्रत्येक कर्मचाऱ्याला संकटातलं एक काम नेमून दिलेलं असतं. भोंग्याचे सात आखूड आणि एक लांब आवाज झाले की व्याकरणाचं पुस्तक मिटायचं, लाइफजॅकेट चढवायचं आणि ठरलेल्या ठिकाणी प्रवाशांची हजेरी घ्यायला उभं राहायचं.

बोटीवरच्या इंग्रजीमागे एक मोठी दुर्घटनाही आहे. ७ एप्रिल १९९० च्या रात्री ऑस्लोहून डेन्मार्ककडे निघालेल्या ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ या बोटीला आग लागली आणि १५९ माणसं गेली. कर्मचारी नुकतेच भरलेले, त्यांतले बरेच पोर्तुगीज. त्यांतल्या अनेकांना ना नॉर्वेजियन येई, ना डॅनिश, ना इंग्रजी. धुराने भरलेल्या बोळकांडीत वाट कुठे आहे, हे प्रवाशांना सांगायचं कुणी आणि कुठल्या भाषेत? आगीची कारणं वेगळी होती, बोटीच्या व्यवस्थेतले दोषही बरेच होते. पण भाषेचा मुद्दा त्यानंतर टाळता येईना. बाविसाव्या वर्षी, २०१२ च्या जानेवारीत, इटलीच्या किनाऱ्याशी ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ खडकावर आदळली आणि ३२ जण मेले. दोष कप्तानाचाच ठरला, त्याला तुरुंगवास झाला. तरी सुकाणूवरच्या इंडोनेशियन खलाशाला त्याचे हुकूम नीट कळले नव्हते, हेही तपासात पुढे आलं. त्या बत्तिसांतला एक मुंबईजवळचा तरुण वेटर होता. त्याचा मृतदेह सगळ्यांत शेवटी, २०१४ च्या नोव्हेंबरात सापडला.

मधल्या काळात, २००१ च्या नोव्हेंबरात, आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जहाजांवर वापरायच्या प्रमाण इंग्रजी वाक्यांचा संग्रह मंजूर केला. तो वाचताना इंग्रजीचा मास्तर चक्रावतो. वर्गात आयुष्यभर ज्या गोष्टींचे गुण दिले, त्या इथे काढून टाकल्या आहेत. मे, कॅन, शुड, कुड या गोतावळ्याला शक्यतो फाटा. आर्जव नको, आडवळण नको. समोरच्याने ‘आत येऊ शकतो का’ असं विचारलं, तर ती परवानगी मागणं आहे, शक्यता आहे की सल्ला आहे, हा घोळ समुद्रात परवडत नाही. म्हणून वाक्याच्या आधीच सांगून टाकायचं: हा प्रश्न, ही सूचना, हा इशारा. आकडे सुटे सुटे म्हणायचे. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ वाऱ्यात सारखेच ऐकू येतात. ‘वन फाइव्ह’ आणि ‘फाइव्ह झीरो’ यांची गल्लत होत नाही. अकोल्यातल्या शिकवणीत जी दोन रूपं मुलं दहावीपर्यंत उलटसुलट म्हणतात, त्यांचा बंदोबस्त समुद्रावरच्या लोकांनी किती साधेपणाने केला आहे.

गंमत अशी, की त्याच बोटीवर दुसरी इंग्रजीही नांदते आणि ती अगदी उलट स्वभावाची. जेवणाच्या दालनात प्रवाशाला ‘नो’ म्हणायचं नाही. मासा संपला असेल, तर संपला म्हणण्याआधी दुसऱ्या तीन पदार्थांची नावं तोंडात यायला हवीत. कुड, वुड, मे आय यांचा इथे वर्षाव. भांडणाऱ्या पाहुण्याला न चिडता उत्तर द्यायचं, कुणाला शेंगदाणा चालत नाही ते नेमकं विचारून स्वयंपाकघराला नेमकं कळवायचं. एकाच मुलाने दुपारी कवायतीत हुकमी इंग्रजी बोलायची आणि संध्याकाळी मधाळ. आपल्याकडच्या स्पोकन इंग्लिशच्या वर्गांत या दोन्हींपैकी एकही शिकवली जात नाही. तिथे स्वतःची ओळख करून देण्याचं भाषण पाठ होतं आणि मग काळ सुरू होतात.

जहाज वऱ्हाडाला अनोळखी नाही. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे १९०८ साली टिळकांच्या अपिलासाठी विलायतेला गेले आणि दोन वर्षं तिकडे राहिले. पापळचे पंजाबराव देशमुख १९२० मध्ये शिकायला गेले, ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेऊन आले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं. पण ही सगळी मंडळी बोटीवर प्रवासी म्हणून चढली. बोटीवर नोकरी करणारं घर गोव्यात दर गल्लीत सापडतं. तिथल्या तारवटींनी, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्यांनी, एकोणिसाव्या शतकापासून ब्रिटिश बोटींवर आचारी, बटलर आणि वादक म्हणून कामं केली, मुंबईत धोबी तलावाच्या आसपास आपल्या गावांच्या नावाने कूड, म्हणजे गावकऱ्यांची वसतिघरं, उभारले आणि पुढच्या पोराला कुठली कंपनी धरायची, कुठली टाळायची, हे तिथल्याच बाकावर बसून सांगितलं. वऱ्हाडातल्या मुलाला हे सांगणारा मामा नाही. त्याला सांगतो तो एजंट.

एजंटाचं प्रकरण म्हणूनच थोडं सविस्तर. भारताने सागरी कामगार करारावर २०१५ च्या ऑक्टोबरात शिक्कामोर्तब केलं. त्या करारानुसार नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घेता येत नाहीत, आणि जहाजावरचा वेटर, आचारी, मुलांना खेळवणारी ताई हे सगळे कायद्याने खलाशीच. उमेदवाराने खर्च करायचा तो पासपोर्टचा, सीडीसी म्हणजे खलाशाच्या ओळखपुस्तिकेचा आणि वैद्यकीय दाखल्याचा. व्हिसाचासुद्धा खर्च जहाजमालकाचा. आग, बुडणं, प्रथमोपचार वगैरेंचे सक्तीचे छोटे अभ्यासक्रम मान्यताप्राप्त संस्थेत करावे लागतात, त्यासाठी मुंबई-नवी मुंबई किंवा गोवा गाठावं लागतं आणि तिथली फी स्वतःची. याउपर कुणी ‘जागा पक्की करायला’ लाखांत रक्कम मागत असेल, तर ती कशाची, हे विचारावं. भरती करणाऱ्या संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. लोक त्याला आरपीएसएल म्हणतात. त्याचा नंबर महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पाहता येतो, त्याला दोन मिनिटं लागतात. बडनेऱ्याहून रात्रीची गाडी पकडायच्या आधी ती दोन मिनिटं काढावीत.

तरीही जायचंच असेल, तर दार वेगळं आहे. इंग्रजी उत्तम, माणसांत मिसळण्याची हौस आणि शिकवण्याचा अनुभव असलेल्याने मुलांच्या विभागात किंवा स्वागतकक्षात अर्ज करावा. कंपनीत एक-दोन करार झाले, की प्रशिक्षण विभागाच्या आतल्या जागांसाठी विचार होऊ शकतो. २०२१ च्या सप्टेंबरात मुंबईहून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीची ‘एम्प्रेस’ सुरू झाली. बोट १९९० ची, प्रवासी मुख्यतः भारतीय. तिच्यासारख्या बोटीवर काम शिकून घेणं परदेशी कंपनीत एकदम उडी मारण्यापेक्षा सोपं. करार साधारण सहा ते नऊ महिन्यांचा, त्यात साप्ताहिक सुटी नाही. नियमाने दिवसाला किमान दहा तास विश्रांती मिळते, पण ती सलग मिळेलच असं नाही. केबिन दोघांत एक, खिडकीविना. जग फिरायला मिळतं ते बंदरावर उतरायची परवानगी असलेल्या चार-पाच तासांत, तेही त्या दिवशी आपली पाळी नसेल तर. ज्याला पोळ्याला घरी असलं पाहिजे त्याने दोनदा विचार करावा.

खरं काम मात्र इकडेच, जमिनीवर पडलं आहे. क्रूझच्या हॉटेल विभागात जाणाऱ्या मुलांकडून कंपन्या बहुधा मार्लिन्सची इंग्रजी चाचणी मागतात. तासाभराची परीक्षा. ऐकून कळतं का, घड्याळ आणि आकडे सांगता येतात का, जहाजावरच्या रोजच्या वस्तू ओळखता येतात का, हे ती पाहते. हॉटेल मॅनेजमेंट केलेली खेड्यातली मुलं स्वयंपाकात आणि टेबल लावण्यात हुशार असतात आणि हेडफोन कानाला लावला की अडखळतात, कारण बोललेली परकी इंग्रजी त्यांनी फारशी ऐकलेलीच नसते. हे काम शिकवायला समुद्र बघितलेला मास्तर असलाच पाहिजे असं नाही. मराठी माध्यमाचा मुलगा कुठे अडतो हे ओळखणारा हवा, आणि तो मँचेस्टरपेक्षा मूर्तिजापुरात लवकर सापडेल. नीटसारख्या परीक्षांच्या शिकवण्या अकोल्याने मोठ्या ताकदीने उभ्या केल्या. त्या इमारतींच्या एखाद्या खोलीत संध्याकाळी हा वर्ग बसू शकतो.

पुस्तकही विकत घ्यायला नको. सागरी संघटनेचा तो वाक्यसंग्रह फुकट उतरवून घेता येतो. त्याच्या ब विभागातलं चौथं प्रकरण प्रवाशांच्या काळजीचं आहे: लाइफजॅकेट कसं घालायचं, कुठे जमायचं, काय बरोबर घ्यायचं नाही, घाबरलेल्या माणसाशी काय बोलायचं. दहा-बारा जणांच्या तुकडीला ते महिनाभर पुरेल. निम्मे प्रवासी, निम्मे कर्मचारी, मग अदलाबदल. लाइफजॅकेट मिळालं नाही, तर शाळेची दप्तरं पोटावर उलटी बांधावीत. पट्टे साधारण तसेच असतात.