रॅम महागली, मग मधल्यामध्ये ॲप का मरतंय?

परवा बहिणीने परीक्षेचा अख्खा फॉर्म भरला, ओटीपी बघायला मेसेज उघडला आणि परत आली तर फॉर्म कोरा! फोन ४ जीबीचा. ‘हँग झाला’ म्हणाली. पण हँग नव्हता, फोनने ठरवून ब्राउझर बंद केला होता.

अँड्रॉइड प्रत्येक ॲपला गुण देतं. समोर उघडं असेल तर ०, मागे नुसतं पडून असेल तर ९०० च्या पुढे. रॅम संपत आली की जास्त गुणवाला आधी जातो. यात एक गोची आहे: रॅम खातं एक ॲप, मरतं भलतंच.

सर्व्हरवरच्या लिनक्स कर्नलमध्ये यावर २००८ पासून उपाय आहे, सीग्रुप. आज त्यात दोन मर्यादा लावता येतात. ‘हाय’ ओलांडली की प्रोग्रॅमचा वेग कमी केला जातो. ‘मॅक्स’ गाठूनही जागा मोकळी झाली नाही, तर त्याच गटातला प्रोग्रॅम मारला जातो. शेजारी वाचतो.

एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे मेमरी चिप महागल्यात. स्वस्त फोनमध्ये रॅम वाढणं अवघड, म्हणून माझ्या मते खादाड ॲपवर अशी मर्यादा हवीच. आणि अर्धा फॉर्म सेव्ह करणं हे आम्हा डेव्हलपर लोकांचं काम आहे.

तोवर ओटीपी नोटिफिकेशनमधूनच वाचा.