बिनपत्त्याची डबी

पाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाफडांच्या राहुट्या लागतात आणि जत्रांच्या सुपाऱ्या ठरवायला गावोगावचे कारभारी येतात. पूर्वी शृंगाराचं सामान सगळं नैसर्गिक होतं, 'केमिकल' आत्ता आलं, हा समज निदान तमाशा कलावंत विठाबाईंच्या या गावात तरी टिकू नये. जुन्या रंगभूषेत चेहरा उजळायला मुर्दाडशिंग होतं, लालीला हिंगूळ. मुर्दाडशिंग म्हणजे शिशाचा ऑक्साइड, हिंगूळ म्हणजे पाऱ्याचा सल्फाइड. ओझर-लेण्याद्रीच्या गणपतींमुळे जुन्नरकरांच्या रोजच्या ओळखीचा असलेला शेंदूरही परंपरेने शिशाचाच. तिन्ही अस्सल देशी.

आणि आंबेगावच्या डोंगरात महादेव कोळी कुटुंबं उन्हातान्हात गोळा करतात तो बाळहिरडा? त्याला भाव मिळतो तो टॅनिनसारख्या रसायनांमुळेच. केमिकल-फ्री हिरडा अजून कुठल्या झाडाला लागलेला नाही.

मग काळजीचं काही नाहीच, असं म्हणणारा दुसरा पक्ष तयारच असतो. बोटभर क्रीमने माणसाला काय होतंय? अकोल्यात एकाच घरातल्या तिघींना, आई आणि दोन मुलींना, मूत्रपिंडाचा विकार जडला. तिघी स्थानिक ब्यूटिशियनकडून आणलेली एकच गोरेपणाची क्रीम लावत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी धागा पकडला. क्रीम तपासली तेव्हा पारा दहा लाख भागांत हजारोंच्या घरात निघाला. डोळ्यांभोवतीची प्रसाधनं सोडली, तर कायदा दहा लाखांत फक्त एक भाग चालवून घेतो, तोही अनवधानाने आलेला. हे प्रकरण २०२३ मध्ये बाहेर आलं. त्याच सुमारास केरळातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतल्या १५ जणांत 'नेल-१' नावाचं प्रथिन सापडलं आणि त्या पंधरांपैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरणारे होते.

पारा त्वचेतलं रंगद्रव्य तयार होऊ देत नाही. म्हणून क्रीम खरंच 'लागू पडते', आणि घात तिथेच होतो. गुण आला म्हणून डबी संपली की दुसरी येते, आणि पारा कातडीतून रक्तात, रक्तातून मूत्रपिंडात जात राहतो. काही मलमांत पाऱ्याऐवजी स्टिरॉइड असतं. तेही उजळपणा देतं, पुढे कातडी पातळ करतं. कपाळावरच्या टिकलीचंही तसंच. काही टिकल्यांच्या डिंकात असलेल्या एका रसायनाने बरोबर टिकलीच्या जागी पांढरा डाग पडतो, हे त्वचारोगतज्ज्ञांना जुनं ठाऊक आहे.

प्रसाधनांत जंतू वाढू न देणाऱ्या पॅराबेनची भीती अगदीच पोकळ नाही. युरोपीय संघाने २०१४ मध्ये पाच पॅराबेनांवर बंदी घातली. पण बाकीच्यांना प्रमाणाची मर्यादा घालून चालू ठेवलं, कारण जंतू वाढलेली क्रीमही बाधतेच. शहाणपण या मोजमापात आहे. शाम्पूच्या बाटलीवर 'पॅराबेन नाही' शोधायचं आणि आठवडेबाजारातली ना पत्ता, ना घटक, ना परवाना क्रमांक असलेली डबी 'हर्बल' म्हणून बिनधास्त घ्यायची, ही मात्र उलटी सावधगिरी झाली. उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच क्रमांक, घटकांची यादी आणि परवाना क्रमांक छापणं कायद्याने सक्तीचं आहे. आयात मालावर नोंदणी क्रमांक लागतो. यातलं काहीच नसेल, तर आत काय आहे हे दुकानदारालाही सांगता येणार नाही.

अशी डबी धरली की बाजारात ती विकणाऱ्या टोपलीवालीच्या पोटावर पाय येतो, ही तक्रार खरी आहे. म्हणूनच अन्न व औषध प्रशासनाने जुन्नर, मंचर, घोडेगावच्या बाजारातून नमुने उचलावेत, पण कारवाई तिला माल पुरवणाऱ्या घाऊक व्यापाऱ्यावर आणि बनवणाऱ्यावर करावी. आणि पाय सुजलेली, लघवीला फेस येतो म्हणणारी बाई दवाखान्यात आली, तर डॉक्टरांनी लघवीतलं प्रथिन तपासताना आणखी एक प्रश्न विचारावा: तोंडाला काय लावता, आणि ती डबी घरी आहे का?