दाताच्या खुर्चीची धास्ती

बाळंतपणाच्या कळा सोसलेली बाई दाताच्या डॉक्टरला घाबरते, यात हसण्यासारखं काय आहे? पण घरोघरी हसतात. "तीन पोरं झाली तुला, आणि एका दाढेला काय घाबरतेस!" नवरा म्हणतो, सासू म्हणते. मग ती बाई गप्प बसते. दाढेत लवंगेच्या तेलाचा बोळा धरते, मेडिकलमधून गोळी आणते, आणि आपल्याकडे मिश्रीची डबी तर हाताशी असतेच. बचत गटाच्या निमित्ताने मी वाड्यावस्त्यांवर फिरते. तिथे कितीतरी जणींची मिश्री दाढदुखीतूनच सुरू झालेली असते. लाव, बरं वाटेल, असं कुणीतरी सांगितलेलं असतं. पुढे बोट हिरड्यांवर फिरवल्याशिवाय चैन पडत नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो. डॉक्टरच्या भीतीपोटी बाई किती लांबवर जाते बघा.

या भीतीवर वर्षानुवर्षं काम करणारी माणसं जगात आहेत, आणि त्यांत मानसशास्त्रज्ञ बरेच आहेत. नॉर्वेमध्ये ओस्लो विद्यापीठातल्या प्राध्यापक तिरिल विलुमसेन दंतवैद्य आहेत आणि मानसशास्त्रज्ञही. दातांच्या उपचारांची भीती हाच त्यांच्या कामाचा विषय. लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांना दाताच्या उपचारांची भीती किती वाटते, यावरचा त्यांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. या स्त्रियांमध्ये ती भीती इतरांपेक्षा जास्त आढळली.

दात कुठे आणि अत्याचार कुठे, असं वाटेल. पण त्या खुर्चीचा जरा विचार करा. बाईला आडवं केलेलं असतं. चेहऱ्याजवळ परका माणूस वाकलेला, बहुतेक वेळा पुरुषच. तोंड उघडं, त्यात त्याची बोटं आणि हत्यारं. बोलता येत नाही, नको म्हणता येत नाही, उठता येत नाही. लहानपणी किंवा लग्नानंतर जिच्या शरीराशी कुणी जबरदस्ती केली, तिला या खुर्चीत काय आठवत असेल? तिला स्वतःलाही कळत नाही, नुसता घाम फुटतो आणि श्वास अडकतो. डॉक्टर म्हणतात, अहो, अजून मी काही केलंच नाही!

नॉर्वेमध्ये छळ किंवा अत्याचार सोसलेल्यांसाठी आणि दाताची तीव्र भीती असलेल्यांसाठी सरकारी दंतसेवेतच वेगळी सोय केलेली आहे. दंतवैद्य आणि मानसशास्त्रज्ञ एकाच पथकात काम करतात, आणि भीतीवरच्या उपचाराचे पैसे घेत नाहीत. श्रीमंत देश आहे, त्यांना परवडतं, हे खरं. पण दाढेमागे मनही असतं, हे ओळखायला पैसे कुठे लागतात?

लंडनचं उदाहरणही सांगण्यासारखं आहे. तिथे किंग्ज कॉलेजमध्ये टिम न्यूटन नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक आहेत. दंतवैद्यकाच्या महाविद्यालयात राहून ते मानसशास्त्राचं काम करतात. त्यांच्या विभागात भीतीवर 'सीबीटी' म्हणजे विचार आणि वागणं हळूहळू बदलण्याचा उपचार दिला जातो. तिथे आलेल्या १३० रुग्णांचा अभ्यास २०१५ साली ब्रिटिश डेंटल जर्नलमध्ये आला. १३० पैकी ९९ बायका! सरासरी पाच बैठका झाल्या, आणि शंभरातल्या ७९ जणांनी गुंगीचं औषध न घेता दातांवर उपचार करून घेतले. हे वाचून मला फार बरं वाटलं. म्हणजे हा स्वभाव नव्हे, जन्माचं दुखणं तर नव्हेच.

पाच बैठकांत करतात तरी काय? ऐकायला अगदी साधं आहे. आधी नेमकं कशाला घाबरता ते शोधायचं. सुईला, ड्रिलच्या आवाजाला, गुदमरण्याला की डॉक्टर रागावतील याला? मग सोप्याकडून अवघडाकडे जायचं. पहिल्या दिवशी नुसतं खुर्चीवर बसून यायचं. दुसऱ्या वेळी आरसा तोंडात. मशीन आधी हातावर चालवून दाखवायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचा म्हणजे हाताचा इशारा. पेशंटने हात वर केला की डॉक्टरने थांबायचं, लगेच, न कुरकुरता. ही एवढी गोष्ट बाईला तिचा ताबा परत देते.

सुई बघूनच ज्यांना भोवळ येते त्यांची गोष्ट जरा वेगळी. त्यांचा रक्तदाब एकदम उतरतो. त्यांना अंग सैल सोडा असं सांगून उपयोग नसतो, उलटच करायचं असतं. दंड, पोट आणि मांड्यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद आवळून धरायचे, चेहरा गरम वाटला की सोडायचे, थोडं थांबून पुन्हा आवळायचे, असं चार-पाच वेळा. स्वीडनमधल्या मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात ही युक्ती मांडली. हृदयाचा त्रास असेल किंवा दिवस गेले असतील तर मात्र डॉक्टरांना विचारूनच करा.

आता थोडं आपल्या आयांबद्दल. "गप्प बस, नाहीतर डॉक्टरकाका सुई टोचतील." हे आपण म्हणतोच ना? आणि मग पोराची दाढ किडून गाल सुजला की त्याच काकांकडे ओढत नेतो. पहिली भेटच ठणक्याची! ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ग्रॅहम डेव्ही यांनी १९८९ मध्ये दाखवलं, की ज्यांच्या पहिल्या काही भेटी न दुखता झालेल्या असतात, त्यांना पुढे एखादी दुखरी भेट झाली तरी भीती सहसा चिकटत नाही. म्हणून दात दुखत नसतानाच पोरांना नुसतं दाखवून आणा. आपल्या कामाला जाल तेव्हा शेजारी बसवा.

आणि जिला जुनी जखम आहे तिच्यासाठी एक सांगते. डॉक्टरांना काहीही सांगायची सक्ती नाही. कोण, कधी, काय, हे तुमच्याजवळच राहू दे. एवढंच म्हणा, "मला फार भीती वाटते. खुर्ची मागे करण्याआधी सांगा, आणि हात वर केला की थांबा." खोलीत नर्स किंवा आपली बहीण हवी असेल तर तसं मागा. त्यात लाज कसली? मन मोकळं करावंसं वाटलं तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात विचारा. १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा नंबर आहे, २०२२ पासून चालू झाला. फोनवर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

डॉक्टरांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. बाहेर वीस पेशंट ताटकळत असताना एकीला समजावत बसायला त्यांना वेळ कुठून मिळणार? पण न समजावता बसवलेली बाई अर्ध्यावर उठून जाते आणि पुन्हा येत नाही, तेव्हा वेळ कुणाचा वाचला?

आमच्या गटातल्या चौघी मिळून गावातल्या एका दाताच्या डॉक्टरांकडे हे सगळं बोलायला गेलो होतो. त्यांनी ऐकून घेतलं. "थांबेन की," म्हणाले, "पण दर मिनिटाला हात वर करू नका म्हणजे झालं!" दुपारी दवाखाना रिकामा असतो, तेव्हा या म्हणाले. पुढच्या सोमवारी दोघी जाणार आहेत. एकीची दाढ आहे, दुसरी नुसती खुर्चीवर बसून येणार आहे.