हिरव्या चौकोनातला रिअ‍ॅक्टर

मा. संचालक,
औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, महाराष्ट्र राज्य



रासायनिक कारखान्यात शिफ्ट इनचार्ज म्हणून नोकरी केली. सेफ्टी कमिटीवरही होतो. तिथली एक बैठक अजून डोक्यातून जात नाही.

रिस्कच्या तक्त्यात दोन आकड्यांचा गुणाकार करतात : घडण्याची शक्यता आणि घडलं तर होणारी हानी. त्या बैठकीत कॅन्टीनच्या निसरड्या पायरीला चार गुणिले दोन, आठ, चौकोन पिवळा. रिअ‍ॅक्टर तापून फुटण्याला एक गुणिले पाच, पाच, चौकोन हिरवा. पायरीला नव्या फरशा बसल्या. रिअ‍ॅक्टरचा तापमानाचा इंटरलॉक सारखा ट्रिप होतो म्हणून जंपर टाकून बायपास केला होता, तो तसाच राहिला. ट्रिप होऊन बॅच वाया गेली की सकाळी बोलणी शिफ्ट इनचार्जच खातो, त्यामुळे त्या बायपासवर सही माझीच होती. सुदैवाने काही झालं नाही. पुढच्या वर्षी तेच ‘शक्यता एक’चा पुरावा म्हणून मांडलं गेलं!

भोपाळला एमआयसी हे विषारी रसायन थंड ठेवणारी यंत्रणा जून १९८४ पासून बंद होती. २ डिसेंबरच्या रात्री ६१० क्रमांकाची टाकी तापली तेव्हा वायू धुणारा स्क्रबर स्टँडबायवर होता आणि वायू जाळणाऱ्या फ्लेअरकडे जाणारा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला. एकेक गोष्ट बंद करताना ‘बाकीच्या आहेतच की’ असंच वाटत असतं. ‘शक्यता एक’ हा आकडा सगळे राखणदार जागेवर आहेत असं धरून लिहिलेला असतो. त्यातला एक उठून गेला तरी तक्ता कोणी बदलत नाही. तो ऑडिटच्या आदल्या आठवड्यातच उघडतो.

डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ रोजी स्फोट झाला, २३ मे २०२४ रोजी पुन्हा. एका मॅनेजरच्या अख्ख्या नोकरीत असं कदाचित एकदाही घडत नाही, म्हणून त्याला ते अशक्य वाटतं. तुमच्याकडे मात्र राज्यभरातले कारखाने आहेत. तुम्हाला तसं वाटून चालणार नाही.

जिथे हानी पाच, तिथे गुणाकारच नको. राखण शाबूत आहे का, एवढंच विचारा.

आमच्याकडे निरीक्षक आले की त्यांना आधी कॅन्टीनची नवी पायरी दाखवत. त्यांना आल्या आल्या बायपास रजिस्टर मागायला सांगा. आणि रजिस्टर कोरं निघालं, तर पॅनेल उघडून बघायला सांगा.

आपला,
एक निवृत्त शिफ्ट इनचार्ज