हजेरीचे मोल

अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक स्पर्धेतील खेळाडू निवडून आपला काल्पनिक संघ उभा करावा आणि त्यांच्या मैदानावरील प्रत्यक्ष कामगिरीवर परस्परांशी चढाओढ करावी, अशा ज्या खेळाला फँटसी बास्केटबॉल म्हणतात, त्यातले यश निवडीच्या दिवशीच्या चातुर्यावर अवलंबून असते हा समज कितीही रूढ असला, तरी माझ्या मते ते पुढील सहा महिन्यांच्या दक्ष कारभाराचे फळ होय. आणि त्या कारभारात खेळाडूच्या तेजापेक्षा त्याच्या हजेरीचे मोल अधिक मानले पाहिजे. 2022-23 चा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरलेला जोएल एम्बीड पुढील मोसमात सरासरी 34 हून अधिक गुण मिळवीत असूनही 82 पैकी अवघे 39 सामने खेळू शकला, तर निकोला योकिच त्याच मोसमात 79 सामन्यांना हजर राहिला. प्रमुख पुरस्कारांसाठी साधारणपणे किमान 65 सामन्यांची अट खुद्द एनबीएनेच त्या वर्षापासून घातली.

आठवड्याच्या लढतीत तर हा हिशेब अधिकच उघड होतो. सामन्यामागे 15 गुण मिळविणारा सामान्य खेळाडू चार सामन्यांत 60 गुण जमा करतो आणि 18 गुणांचा नामवंत तीनच सामने असल्याने 54 वर थांबतो. म्हणून दर रविवारी वेळापत्रक पाहून तळाच्या एकदोन जागा मोकळ्या ठेवणे व तेथे माणसे बदलत राहणे, हे मी प्रत्येक संघचालकाचे आद्य कर्तव्य समजतो.

रिबाउंड, ब्लॉक, फ्री थ्रोची टक्केवारी अशा नऊ प्रकारांत स्वतंत्रपणे तुलना होणाऱ्या स्पर्धेत सर्वच आघाड्या लढविण्याचा हव्यास मात्र सोडावा. यान्निस अँटेटोकूम्पो 2024-25 मध्ये फ्री थ्रोच्या बाबतीत शेकडा 62 च्या आसपासच राहिला, आणि त्याचे प्रयत्न विपुल असल्यामुळे संपूर्ण संघाची टक्केवारी त्याच्यासोबत खाली येते. तेव्हा त्याला घेतल्यावर ते एक खाते बुद्धिपुरस्सर सोडून देऊन रिबाउंड, ब्लॉक व फील्ड गोलची टक्केवारी बळकट करणारे सोबती निवडणे, यातच खरी मुत्सद्देगिरी आहे. अर्धवट उपाय येथे घातकच ठरतात.

दुखापतीच्या वार्तेने घाबरून मोठ्या खेळाडूला तत्काळ बरखास्त करू नये, जखमींसाठी राखलेल्या जागेत त्याला ठेवावे. परंतु 2025 च्या फेब्रुवारीत व्हिक्टर वेम्बान्यामाच्या खांद्यात रक्ताची गुठळी आढळून त्याचा मोसम 46 सामन्यांवर संपल्याचे जाहीर झाले, तसे झाल्यावर, एकाच मोसमापुरती स्पर्धा असेल तर, ती जागा अडवून ठेवण्यात अर्थ नाही. फँटसी स्पर्धेच्या निर्णायक फेऱ्या बहुधा मार्च-एप्रिलमध्ये येतात, आणि त्याच सुमारास एनबीएतील आशा संपलेले संघ आपल्या प्रमुख खेळाडूंना विश्रांती देऊन नवोदितांना वाव देतात. त्या नवोदितांचा शोध फेब्रुवारी सरण्यापूर्वीच, प्रतिस्पर्ध्यांचे लक्ष जाण्याआधी, सुरू करावा.